कर्दळीवर घातलेला मांडव

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी संभाजीनगरच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी पाइपांच्या भावावरून भांडत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, बांधावर बसले अन् उठलेच नाहीत..." मी शटर ओढलं आणि पिशोरच्या रस्त्याला लागलो. त्याला आता महिना उलटून गेला. दुःख हळूहळू ओसरतं म्हणतात. माझ्या मनात दुःखाच्या वर किळस साचली आहे, आणि ती आमच्या गावाची आहे.

पिशोरजवळच्या त्या गावात रंगनाथ आणि मी एका बाकावर शिकलो. मी शहरात हमाली करत करत दुकानदार झालो, तो शेतीत राहिला. गावची गटारं ओढ्यात जात आणि ओढ्याच्या काठालाच पिण्याच्या पाण्याची विहीर. दर पावसाळ्यात पोरं हगवणीनं लोळत, आया देवीपुढं नारळ फोडत. रंगनाथनं पंचायतीच्या मागं लागून गटाराच्या तोंडाशी गाळाची टाकी आणि तिच्यापुढं खडी-वाळूचा लांबरुंद वाफा करून घेतला. वाफ्यात कर्दळ लावली. तिच्या मुळांतून झिरपून पाणी ओढ्यात उतरे तेव्हा त्याला वास उरत नसे. ठेकेदार खडीऐवजी मुरूम टाकू पाहत होता. मुरूम घट्ट दबून बसतो, त्यातून पाणी उतरत नाही. मी त्याची अशी खरडपट्टी काढली, की मुरमाचा ट्रॅक्टर त्यानं भरलेलाच माघारी नेला. "शेठ, तू शिव्या बी घाऊकच देतो व्हय?" रंगनाथ हसून म्हणाला होता.

फीत कापायला सगळे होते. टाकीच्या जाळीत अडकलेली घाण काढायला मात्र कुणी नाही. तो एकटाच फावडं घेऊन उतरे. ज्यांच्या घरांतून ती घाण येई, तेच त्याला बघून नाक धरत. पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. त्याचा सख्खा भाऊ मला म्हणाला, "आपल्या घराण्यात असली कामं कुणी केली? लई लाज आणली यानं." मी भडकलो, "मग तुझी घाण तू घरात साठवून ठेव की!" रंगनाथनं माझा हात दाबला... हगवण कमी झाली, हे मात्र कुणी मोठ्यानं बोललं नाही.

तेरवीला गेलो. जिवंतपणी ज्याच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, त्याचा आता गावाला मान ठेवायचा होता. मोठी पंगत, मोठा मांडव. एवढी सपाट, मोकळी जागा गावात एकच... त्यांनी कर्दळ उपटली, वाफ्यावर मुरूम पसरला, वरून रोलर फिरवला आणि त्यावर हार घातलेला त्याचा फोटो मांडला. अडलेलं गटार वाफ्याला वळसा घालून सरळ ओढ्यात चाललं होतं. त्याच ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पंगतीत वाढलं जात होतं. सरपंच माइकवर म्हणाले, "रंगनाथरावांनी गाव स्वच्छ केलं. इथंच त्यांच्या नावाचं सभागृह बांधू." तेरवीच्या मांडवात टाळ्या पडल्या.

मी ताटावरून उठलो. "सरपंच, हा मुरूम कवा काढता?"

"शेठ, आज दुःखाचा दिवस हाय. बसा, बुंदी घ्या."

"खडी माझी, ट्रॅक्टर माझा, मजूर माझे. तुम्ही निस्तं व्हय म्हणा."

"अन् सभागृह?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर भाव करत आलो, पण ज्याला आपल्या पोरांचं पाणी कळत नाही त्याच्याशी कसला भाव करायचा! मी मांडवातून बाहेर पडलो. वहिनींकडे गेलो तर त्या परसात वाकलेल्या. उकिरड्यावर फेकलेले कर्दळीचे गड्डे त्यांनी टोपलीभर वेचून आणले होते आणि न्हाणीच्या पाण्याच्या चारीत खडी घालून लावत होत्या. "एवढ्या एका घराचं तरी..." त्या म्हणाल्या.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. कर्दळीला कोंब फुटलेत. चारीतून उतरणारं पाणी निवळ असतं. ते अंगणातून दारापुढं येतं आणि तिथंच गावाच्या गटारात पडतं.