कोपरातली काच

सणावाराला हात जोडतो, त्यापलीकडे माझी मजल नाही. भूतबीत म्हटलं की हसणाऱ्यांतला मी. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटतेय... पण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

मी मूळचा बेळगावचा. बेंगळुरूत बसवनगुडीच्या एका ऑफिसात मेडिकल कोडिंग करतो – म्हणजे परदेशी हॉस्पिटलांचे कागद वाचून प्रत्येक दुखापतीला ठरलेला कोड लावायचा. कोपराची उघडी जखम रोजचीच. डावं की उजवं, आत काही राहिलंय की नाही, यावर कोड बदलतो. कागदावर नाही ते धरायचं नाही, हा नियम.

मंगळवारी दुपारी, जेवणानंतर, एका बाईची केस आली. काचेच्या दारावर पडली, डावं कोपर फाटलं, टाके घालून घरी पाठवली. डॉक्टरांची शेवटची ओळ – ‘जखमेत काचेचा तुकडा, सांध्याजवळ.’ मी तसा कोड लावला आणि सवयीप्रमाणे ती ओळ शेऱ्यात उतरवली.

दुसऱ्या दिवशी सविताअक्कांनी बोलावलं. त्या निपाणीच्या, बोलण्यात मध्येच कन्नड येतं; आमचं काम तपासतात.

"कुठं आहे रे ती ओळ? दाखव की मला."

मी फाइल उघडली. ओळ नव्हती. डॉक्टरांचं लिहिणं टाक्यांपाशीच संपत होतं. फाइलला कुणी हात लावल्याची नोंदही नव्हती. शेऱ्यात मात्र माझ्या नावाखाली ती ओळ जशीच्या तशी.

"झोपेत वाचलास काय? सरी, ठीक आहे, चूक मान्य कर आणि सोड."

"अक्का, डॉक्टरांना विचारूया. काच आत राहिली असेल तर?"

"नसलेल्या ओळीवरनं विचारणार? मागच्या एका चुकीवरनं आधीच तुला ताकीद मिळाली आहे. वरच्यांना कळलं तर प्रोजेक्टवरनं काढतील. स्वल्प डोकं चालव."

खरं सांगू, मी घाबरलो होतो. घरभाडं, बहिणीचं कॉलेज, सगळं त्या पगारावर. पण ती बाई हात वाकवत असेल, हे मनातून जाईना. संध्याकाळी निघण्याआधी प्रश्न पाठवला – जखमेत काही राहिलं होतं का, कृपया स्पष्ट करावं.

आठवड्याने उत्तर आलं. बाईंना परत बोलावून एक्स-रे काढला होता. काच सांध्याला लागून होती, ऑपरेशन करून काढली. अजून उशीर झाला असता तर हात कायमचा आखडला असता, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

अक्कांनी ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही रे. तू कोड लावलास त्या दिवशी फाइलीत ते नव्हतं."

चूक माझ्या नावावर राहिली. प्रोजेक्ट गेला. आता दातांच्या केसेस बघतो, पगार कमी झालाय, आणि भांडायची ताकद नाही.

डॉक्टरांच्या उत्तराखाली एक प्रश्न होता – तुम्हाला हे कसं कळलं? उत्तर दिल्याशिवाय केस बंद होत नाही. शेवटी ‘वाचलं होतं’ एवढंच लिहिलं. कुठे, ते मला अजून माहीत नाही.