सिंहस्थातला बँड

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. मराठी चौथी झाले आणि शाळा सुटली. त्याला इतकी वर्षं झाली की ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे आता हाताला आठवत नाही. शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची माफी असावी. खरं तर माफी कुणाची मागते आहे ते मलाच ठाऊक नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या घरी बँड होता. हे, म्हणजे माझे यजमान, तरुणपणी मुंबईला एका पलटणीच्या बँडात कर्णा वाजवायचे. सासरे वारले तेव्हा नोकरी सोडून वाडी बघायला गावी आले. रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी. शिंपण झालं की दिवसभर दुसरं काम नसे, आणि यांना करमेना. मग यांनी गावातली माणसं गोळा केली. एक सुतार, एक शिंपी, भातशेती करणारे काही जण. रोज दिवेलागणीला ती आमच्या ओटीवर बसून शिकायची. पहिले दोन महिने वाडीतले कावळेसुद्धा आमच्या घराकडे फिरकले नाहीत, असं सुतार म्हणायचा. सुतार मोठा ढोल वाजवी आणि तोंडही तसंच वाजवी.

बँडाची मिळकत वाट्यांनी होत असे. जितके वाजवणारे तितके वाटे, आणि एक वाटा वाद्यांचा. वाद्यांच्या वाट्यातून चामडं, मेण, दुरुस्ती भागायची. देवळाच्या पालखीला वाजवलं तर पैसे घ्यायचे नाहीत, नारळ आणि प्रसाद घ्यायचा. ज्या घरी मुलीचं लग्न आहे आणि ऐपत नाही, तिथे पानसुपारीवर जायचं. हा नियम यांनी पहिल्या दिवशीच घातला होता. त्यावर कुरकुर व्हायची, पण मोडला कुणी नाही.

मग एक लग्नसराई अशी आली की आम्ही तशी कधी पाहिली नव्हती. एका दिवशी दोन-दोन लग्नं. सकाळी नागावला वाजवून माणसं बैलगाडीतच भाकऱ्या खात आणि संध्याकाळी चौलला उभी राहत. कारण सगळ्यांना माहीत होतं. पुढल्या साली सिंहस्थ लागणार होता. गुरू सिंह राशीत गेला की वर्षभर लग्नं नाहीत, म्हणून जो तो घाईने मुली उजवत होता. कारण माहीत असूनही आम्हाला वाटलं, आपला बँड आता नावारूपाला आला. हे म्हणायचे, "सिंहस्थ बामनांचा. आपल्या लोकांत कोन पंचांग बघून बसतोय?"

वाद्यं जुनी होती. एका क्लॅरोनेटला दोरा गुंडाळून वर मेण लावलेलं होतं. मुंबईत एक मोडलेला बँड आपली वाद्यं अडीचशे रुपयांना विकतो आहे, असं कळलं. आमच्याजवळ तेवढे कुठून असणार? पैसे होते वन्संकडे.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांचे यजमान मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते आणि मचव्यासकट समुद्रात गेले. तेव्हापासून वन्सं आणि त्यांची मुलगी आमच्याकडेच राहत. मचव्याच्या मालकाने दिलेली रक्कम आणि विकलेल्या पाटल्यांचे पैसे त्यांनी मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवले होते. मुलीचं लग्न ठरलंही होतं. सासरचे पंचांग बघणारे, म्हणून सिंहस्थ उठला की मार्गशीर्षात करायचं, असं बोलणं झालं होतं.

"आक्का, पोरीच्या लग्नाच्या बाजाराआधी तुझी पै न् पै परत देईन," हे म्हणाले.

"दे म्हंजे झालं," वन्सं म्हणाल्या आणि पैशांचं गाठोडं यांच्या हातात दिलं. मी चुलीशी होते. माझ्या मनात आलं होतं की सिंहस्थाचं काय? पण मी बोलले नाही. बोलले असते तरी ऐकलं गेलं असतं असं नाही.

वाद्यं बोटीने आली. पितळ असं चकचकीत की ओटीवरची मुलं त्यात तोंडं बघायची. आणि सिंहस्थ लागला.

बामनांचा म्हणून सोडलेला सिंहस्थ सगळ्यांनी पाळला. भटजींनी घरोघर सांगितलं असेल, की शेजाऱ्याने पाळला म्हणून आपणही पाळला, कोण जाणे. पोटच्या मुलीच्या सौभाग्याचा प्रश्न. त्यात धोका कोण पत्करणार? मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ आला, आणि बँड ठरवायचा विडा घेऊन आमच्या पायरीवर कुणी आलं नाही. पालखीला वाजवलं, नारळ मिळाला. शाळेत साहेब तपासणीला आला तेव्हा वाजवलं, मास्तरांनी आभार मानले. एका नव्या होडीला पाण्यात ढकलताना वाजवलं, तिथे मासळी मिळाली. वाद्यांच्या वाट्याला नारळाची शकलं कशी घालणार?

सुतार एकदा मला म्हणाला, "वैनी, ढोलावर पापड वाळत घाला. तेवढा तरी उपेग होऊंदे."

मला हसू आलं नाही. आतल्या खोलीत वन्सं मुलीला शिवण शिकवत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी वर्षभरात एकदाही पैशांचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. यांचं जेवण कमी झालं होतं.

माघातच एक माणूस खाडीपलीकडून, कोर्लईहून आला. किरिस्ताव होता, होडीचा मालक. धाकट्या भावाचं लग्न होतं, बँड पाहिजे होता. हे बघतच राहिले.

सुतार म्हणाला, "तुमच्यात सिंहस्थ न्हाय का?"

"आमच्यात पाद्रीबाबा हाय," तो हसून म्हणाला. "त्याला मोकळीक असली की झालं. पैसे रोख देनार, जेवन पन देनार."

जेवणाचा घोळ दोन दिवस चालला. तिथे जेवायचं की नाही? शेवटी भाकऱ्या बांधून न्यायच्या, असं ठरलं. माणसं तरीच्या होडीतून पलीकडे गेली आणि परत आली ती खूश होऊन. त्या लोकांना बँडाची आवड मोठी. त्यानंतर तिथली आणखी लग्नं मिळाली. भाकऱ्या बांधून न्यायचं हळूहळू बंद झालं. ते मला वासावरून कळलं, पण मी कुणाला बोलले नाही. वाद्यांच्या वाट्यातून वन्संच्या हातात थोडे थोडे रुपये पडू लागले. वैशाखापर्यंत दोनशेवर फिटले होते.

वैशाखात त्या होडीवाल्याचा बाप वारला. त्यांच्यात मयताला बँड वाजवतात, सावकाश चालीचा. ती चाल यांना पलटणीपासून येत होती. होडीवाल्याचा पुतण्या सकाळीच निरोप घेऊन आला आणि ओटीच्या खाली उभा राहिला. म्हातारा लग्नांत यांच्याजवळ खुर्ची ओढून बसायचा, म्हणायचा की मी मेल्यावर तूच वाजव.

ओटीवर सगळे जमले. शिंपी म्हणाला, "मयताला फुंकलेला कर्णा उद्या मांडवात चालंल का? गावात कळल्यावर एक मानूस आपल्याला लग्नाला बोलावनार न्हाय."

"सिंहस्थ आता उठतोय," दुसरा म्हणाला. "वर्सभर उपाशी बसलो, आन् ताट वाढायच्या वेळेला उठून जायचं?"

ते खोटं नव्हतं. गावची लग्नं गेली तर उरलेले पैसे कुठून यायचे? हे दाराकडे बघून म्हणाले, "आक्का, पैसे तुझे हायेत, लगीन तुझ्या पोरीचं हाय. तू न्हाय म्हन, मी जात न्हाय."

वन्सं पुरुषांच्या बैठकीत कधी येत नसत. त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

"माझा मानूस दर्यात गेला," त्या म्हणाल्या. "त्याला खांदा न्हाय, आग्नी न्हाय. कुनी टाळसुदीक वाजवला न्हाय. त्या म्हाताऱ्याचा देह घरात हाय तर वाजवा त्याला." मग त्या म्हणाल्या, "आन् विटाळाचं म्हनाल, तर तो तुमच्या घरात मी हायच की. पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला मला कोन पुढं बोलवनार हाय?"

शिंप्याने मान खाली घातली. मी वन्संच्या मागे उभी होते आणि त्यांच्या पाठीला हात लावावा असं मला वाटत होतं, पण लावला नाही.

मग सुतार उठला. "ढोलाला काळं फडकं लागंल, वैनी. घरात हाय का?"

माझं एक जुनं काळं लुगडं होतं, ते मी फाडून दिलं.

त्या दिवशी वन्सं आणि मी खाडीच्या काठापर्यंत गेलो. पाणी भरायचं निमित्त केलं होतं, पण हंडे वाटेतच विहिरीवर ठेवले. पलीकडे माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. वारा पडलेला होता, तरी आवाज सलग येत नव्हता. ढोल कळायचा, मग बराच वेळ काही नाही, मग यांचा कर्णा. एवढ्या सावकाश वाजवलेला कर्णा मी कधी ऐकला नव्हता. लग्नात तो जसा ओरडतो तसा ओरडत नव्हता. वन्सं खाली वाळूत बसल्या. त्या रडल्या नाहीत. समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या, कोर्लईकडे नाही. आवाज थांबल्यावरही त्या उठल्या नाहीत, आणि मीही म्हटलं नाही की चला.

मयताचे पैसे यांनी घेतले नाहीत.

शिंपी म्हणाला होता ते खरं झालं. सिंहस्थ उठला. दिवाळी झाली आणि मार्गशीर्षातल्या लग्नांच्या सुपाऱ्या फुटू लागल्या. आमच्या आळीतल्यांनीसुद्धा विडा दिला तो अलिबागकडच्या बँडाला. शिंपी आम्हाला सोडून त्यांच्यात गेला. जाताना यांच्या पाया पडून गेला, त्यामुळे त्याला काही बोलताही येईना.

मुलीचे होणारे सासरे एक दिवस आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग घसा साफ केला. "मुलगी पसंत हाय, शब्द दिलाय, त्यात बदल न्हाय. फकस्त बँड आमचा आमी आनू. तुमी राग मानू नका."

"राग कसला?" हे म्हणाले. पण ते गेल्यावर बराच वेळ वाडीत जाऊन बसले. तिच्या जन्मापासून म्हणत होते की भाचीची वरात आपण वाजवणार.

लग्नाच्या बाजाराला पंधरवडा राहिला आणि अजून चाळीस रुपये द्यायचे होते. वाडीवर कर्ज काढायचं यांच्या मनात आलं होतं. तेवढ्यात कोर्लईचा तो होडीवाला पुन्हा आला. या खेपेला दोन लग्नं होती, एक त्याच्या मेहुण्याकडे, एक शेजाऱ्याकडे, दोन्ही पाठोपाठ. "बापाला वाजवलंत," एवढंच तो म्हणाला. दरासाठी घासाघीस केली नाही.

दोन लग्नं वाजवूनही एकट्या वाद्यांच्या वाट्याने चाळीस भरत नव्हते. परत येताना तरीतच सगळ्यांनी आपले वाटे वाद्यांच्या वाट्यात टाकले. हे नको म्हणाले तेव्हा सुतार म्हणाला, "ठेवा हो. पोर आमच्या ढोलाच्या आवाजात वाढली. कानाचे पडदे फुटले आसतील तिचे, त्याची भरपाई समजा." हे सगळं यांनीच मला नंतर सांगितलं.

दुपारी हे घरी आले आणि पैसे वन्संच्या समोर पाटावर ठेवले. वन्संना मोजता येत नसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसून मोजले, मोठ्याने, एकेक रुपया वाजवून. माझा आवाज त्या दिवशी सगळ्या घरात गेला. दोनदा मोजले. आधीचे आणि हे मिळून अडीचशे बरोबर झाले.

"झाले," मी म्हटलं. "पुरे झाले, वन्सं."

वन्संनी पैसे कपाळाला लावून पदरात बांधले. यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. मग मुलीला हाक मारून म्हणाल्या, "चल गो, लुगडं बदल. आजच सोनाराकडं जाऊन येऊ."