ताट उडेल तो वार उपासाचा

आमच्या घरातल्या एकाही स्टीलच्या ताटाचा काठ सरळ नाही. बाबांना जेवण पटलं नाही की ते ताट भिरकावतात. रागाने थरथरत वगैरे नाही, अगदी सहज, अंगावरची माशी झटकावी तसं. ताट भिंतीवर आदळतं, वाटी घरंगळत सोफ्याखाली जाते आणि बाबा हात धुवायला उठतात. बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत भिंती पातळ आहेत. पहिला आवाज झाला की शेजारच्या बेन टीव्ही मोठा करतात. हा त्यांचा चांगुलपणा आहे, मी तो कधी विसरणार नाही.

बाहेर बाबांना कुणी असं ओळखत नाही. पणजोबा बडोदे संस्थानात अधिकारी होते, बाबा स्वतः सरकारी कचेरीतून वरच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. खाली पार्किंगमध्ये कुणी भेटलं की 'केम छो, मजामां?' असं इतकं गोड विचारतात की या माणसाने कधी मुंगीही मारली नसेल असं वाटावं. मुंग्यांचं मला माहीत नाही. आईच्या डाव्या भुवईच्या वर एक पांढरी रेघ आहे, ती वरणाच्या वाटीची आहे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. का नाही केलं, असं कुणी घरी येऊन विचारलं तर मी ताटांकडे बोट दाखवते.

पण मला सांगायचं आहे ते आईच्या उपासांबद्दल. लग्नानंतर पहिल्यांदा ताट उडालं तो सोमवार होता. आई माहेरी जाऊन रडली, तेव्हा तिच्या आईने सांगितलं, सोमवार धर, शंकर डोकं थंड ठेवील. आईने सोमवार धरला. मग मंगळवारी ताट उडालं, तर तिने गणपतीचा मंगळवार धरला. असं करत दत्ताचा गुरुवार, देवीचा शुक्रवार, मारुतीचा शनिवार. ज्या वारी ताट उडेल तो वार उपासाचा, आणि एकदा धरलेला वार तिने कधी सोडला नाही. मार खाणारीनेच उपाशीही राहायचं, हा कुठला न्याय, असं मी कॉलेजात असताना तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." ते मात्र खरं होतं, मला आजही कळत नाही.

पूर्वी ती उपासाचं सगळं घरी करायची. भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, रताळ्याचा कीस. मग गुडघे गेले. बाबांचा पूर्ण स्वयंपाक करून स्वतःसाठी पुन्हा वेगळी चूल मांडणं तिला होईना. आणि आमच्या बडोद्यात उपासाला काय तोटा! मांडवीत दुकानंच्या दुकानं आहेत. फराळी चिवडा, फराळी वेफर्स, फराळी भाकरवडी, साबुदाण्याची चकली, सगळं पाकिटात बंद, वर हिरव्या अक्षरांत 'फराळी'. आई आठवड्याची पाकिटं एकदम आणायची. वाडग्यात चिवडा ओतायचा, वर चहा. झाला उपास. सकाळी तेच आणि संध्याकाळीही तेच. तिच्या दृष्टीने ते पाकिटातलं खाणं नव्हतंच, देवाचं होतं.

तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा मी तिला जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण गुजराती मुलगी, बोलायला लाघवी. रक्तदाब बघून तिच्या भुवया वर गेल्या. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, पाकिटातलं तर काहीच नाही, असं तिने सांगितलं आणि विचारलं, "मासी, पॅकेटनुं कंई खाओ छो?"

"ना रे ना," आई जवळजवळ दुखावून म्हणाली. "मारे तो अठवाडियामां पांच उपवास."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बहु सरस, म्हणाल्या. गोळी लिहून दिली. पुढच्या वेळी गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या वेळी दोन केल्या. रक्तदाब काही उतरेना, आणि घरात बसून आम्ही नशिबाला बोल लावत राहिलो.

आता यातला खरा तिढा ऐका. डॉक्टरने सांगितलं म्हणून आईने सगळ्यांच्याच आमटीभाजीत मीठ कमी केलं. त्यामुळे बाबांची ताटं जास्त उडायला लागली. ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवली तर म्हणाले, "वरून मीठ घालून खायला ही काय खानावळ आहे?" आणि मिठाची वाटीही भिंतीवर गेली. म्हणजे जी भाजी आई तब्येतीसाठी अळणी करायची, ती तिच्या तोंडी आठवड्यातले दोनच दिवस लागायची. बाकीचे पाच दिवस पाकिटं.

त्या बुधवारी मी शाळेतून दुपारी आले तर दारातच आमटीचा वास आला. जिन्यात शेजारच्या टीव्हीचा आवाज होता, त्यावरून कळलंच. आत भिंतीवरून आमटी खाली ओघळत होती. बाबा आत जाऊन पलंगावर पेपर वाचत होते. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. तिचं स्वतःचं वाढलेलं ताट तिने झाकून बाजूला ठेवलं होतं आणि मांडीवर फराळी चिवड्याचं वाडगं होतं.

"आज बुधवार आहे," मी म्हणाले.

"आता बुधवारही धरला," ती म्हणाली. "बुधवार पांडुरंगाचा असतो."

मला हसू यायला हवं होतं. मी पुढे होऊन वाडग्यातून मूठभर चिवडा उचलला आणि तोंडात कोंबला. मी उपास करत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत तो कधी नीट खाल्लाच नव्हता. जीभ चरचरली. आधी साखर लागली, आणि मग मीठ, मीठ आणि मीठ. मी पाकीट उलटं केलं. बटाटा, तेल, साखर, सैंधव मीठ. मग डब्यांच्या फळीवरची सगळी पाकिटं उलटी केली. सगळ्यांवर तेच होतं.

माझं डोकं फिरलं. मी बाबांचीच मुलगी आहे. मी सुरीने एकेक पाकीट फाडलं आणि भांडी घासायच्या मोरीत ओतलं. चिवडा, वेफर्स, चकल्या. वर नळ सोडला. आई "अगं, काय करतेस, अगं" म्हणत उठली. मी म्हणाले, "हे मीठ खाऊन मरणार आहेस तू."

"ते मीठ नाही. सैंधव आहे."

"सैंधव म्हणजे काय साखर आहे का? डोंगरातलं मीठ ते. मीठच आहे!"

"उपासाचं आहे ते," ती ओरडली, आणि तिने मला थोबाडीत मारली.

माझ्या आयुष्यात आईने मला कधी बोटही लावलं नव्हतं. ज्या माणसाने तिच्या कपाळाला वाटी मारली त्याच्यावर तिचा हात कधी उठला नाही, आणि चिवड्यासाठी माझ्यावर उठला. मी गालाला हात लावून उभी राहिले. मला तिचा इतका राग आला की दुसरी थोबाडीत मीच देते की काय असं वाटलं. तिने पुन्हा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि खाली पडला. तिने हाताकडे पाहिलं. काहीतरी बोलली, पण शब्द तोंडात लडबडले आणि उजवीकडचा ओठ खाली आला.

मी तिला धरलं. बाबांना हाक मारली. ते पेपर हातात घेऊन दारात आले आणि दारातच थिजले. मला वाट हवी होती. मी त्यांना खांद्याने ढकललं, ते चपलांच्या कपाटावर आदळून खाली बसले. शेजारच्या बेननी टीव्ही बंद केला आणि आईच्या दुसऱ्या काखेत हात घालून तिला रिक्षापर्यंत आणलं.

आई वाचली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी, वेळेत आणलंत, असं सांगितलं. आमच्या डॉक्टरीणबाई तिला बघायला आल्या तेव्हा मी पर्समधून फाडलेलं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागची बाजू वाचली आणि आईकडे पाहिलं. "मासी, सिंधव हो के सादुं, बेय मीठुं ज छे," इतकंच म्हणाल्या. सैंधव काय आणि साधं काय, दोन्ही मीठच. आईने मान भिंतीकडे वळवली. तिचा उजवा हात अजून नीट उठत नव्हता.

घरी आल्यावर उपास बंद झाले. गोळ्या भरल्या पोटी घ्यायच्या होत्या. स्वयंपाक मी हातात घेतला. मला फार काही येत नाही, पण स्वस्त आणि साधं येतं. भाजीवाले उठायच्या सुमारास गेलं की तांदुळजा आणि दुधी ते जवळजवळ गळ्यात घालतात. घरात बाजरी असते, मूग भिजवले की दुसऱ्या दिवशी मोड येतात, दही लावलं की ताक होतं. मीठ कमी पडतं तिथे मी लिंबू पिळते, लसूण ठेचते, जिरं भाजून घालते. पाकिटांचा खर्च बंद झाल्यावर त्या पैशांत तिघांना पुरून उरेल एवढी भाजी घरात यायला लागली. दाणे, फळं, सगळं त्यातच बसलं. वर्षानुवर्षं आम्ही महागातलं विष आणत होतो आणि त्याला नैवेद्याचा मान देत होतो.

बाबांना मी एकच सांगितलं. आईने मागितलं म्हणून पाकीट घरात आणलंत तर ते तुमच्या डोक्यावर रिकामं करीन. हॉस्पिटलनंतर ते जरा गप्प झाले होते. चपलांच्या कपाटाचा कोपरा लागून त्यांची पाठ काळीनिळी झाली होती. मला वाईट वाटलं नाही.

आई मात्र जेवताना घाबरून असायची. गुरुवारी, शनिवारी घास तोंडाशी नेऊन थांबायची आणि बाबांच्या ताटाकडे बघायची. तिला खात्री होती की तिने वार सोडले, आता काहीतरी होणार. मी विचारलं तर म्हणाली, "इतकी वर्षं उपासांनीच धरून ठेवलं होतं." काय धरून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. भिंतीवर आमटीचे डाग होतेच.

मग एका रविवारी बाबा परत मूळपदावर आले. दुपारचं जेवण होतं. बाजरीची भाकरी, तांदुळज्याची परतलेली भाजी, मोडाच्या मुगाची आमटी. आई डाव्या हाताने जेवत होती. जन्मभर तिने डाव्या हाताने कुणाला प्रसादही दिला नव्हता, त्यामुळे घास घेताना ती खाली मान घालून, चोरून घ्यायची. बाबांनी आमटीचा एक घोट घेतला, म्हणाले, "ढोरांच्या तोंडचं खाणं आहे हे," आणि ताट भिरकावलं. ते नेहमीच्या भिंतीवर नेहमीच्या जागी लागलं. गरम आमटी आईच्या पायावर उडाली. पलीकडे टीव्हीचा आवाज चढला.

मी उठले. ओट्यावरचं लाटणं माझ्या हातात होतं. मी बाबांना मारणार होते, आणि एकदाच मारून थांबले नसते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"खाली बस," आई म्हणाली. ती मला म्हणत होती. "भाकरी गार होईल."

"आई, तुझा पाय."

"पाय मी बघते. तू जेव."

मी उभीच राहिले. बाबाही डोक्यावर हात धरून बसले होते. आम्ही दोघंही ती आता काय म्हणते त्याची वाट बघत होतो, कारण आठवड्यातला रविवार एवढाच वार आजवर मोकळा राहिला होता. आईने पदराने पायावरची आमटी पुसली. भिंतीकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, बराच वेळ, त्यांचा चेहरा कधी नीट बघितलाच नसावा तसं.

"उपास धरले तेव्हाही उडत होतं," ती अजून जडच असलेल्या जिभेने म्हणाली. "सोडले तरी उडतंय."

बाबांनी हात खाली घेतले.

"रविवार तुम्ही धरा," ती म्हणाली. "तुमचं जेवण सांडलंय."

आणि तिने माझ्याकडे डावा हात पुढे करून अर्धी भाकरी मागितली. मी वाढली. बाबा समोर रिकाम्या हाताने बसून राहिले, आणि ती मान वर करून शेवटच्या घासापर्यंत जेवली.