सात नंबरचा झरा

मुकादमाचं आयुष्य गटारात गेलं. हे तो स्वतःच सांगायचा, ऐकणारा ओशाळला पाहिजे अशा बेतानं. एकोणतीस वर्षं ड्रेनेज खात्यात. त्यातली अकरा कमरेइतक्या मैल्यात उतरून, उरलेली काठावर उभं राहून. शहरामधून जाणाऱ्या नदीत उघडणारे एक्केचाळीस पाइप त्याला नुसत्या वासावर ओळखू यायचे. ही लॉन्ड्री, ही खाणावळ, हा दवाखाना. घरी बायको त्याला दारातच अडवून आधी पाय धुवायला लावायची. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती स्वच्छ पायांच्या माणसांबद्दल.

ही माणसं म्हणजे नदीमित्र. निळे टीशर्ट, रबरी हातमोजे, दर रविवारी सकाळी आठ ते नऊ. नऊला फोटो, सव्वानऊला नाश्ता. गोळा केलेला कचरा पिशव्यांत भरून काठावर ओळीनं ठेवायचे. सोमवारी कुत्री त्या पिशव्या फाडायची आणि मंगळवारी मुकादमाची माणसं तोच कचरा पुन्हा उचलायची. मुकादम नदीमित्रांना पाण्यात पाहायचा. एरवी ते पाण्यात कुणाला दिसलेच नसते.

पुढे खात्याची आणि नदीमित्रांची भागीदारी झाली. सगळे पाइप मोठ्या लाइनला जोडायचे आणि त्यांच्या तोंडाला लोखंडी झाकणं ठोकायची, अशी योजना निघाली. योजना चांगली होती. हे मुकादमालाही कबूल करावं लागलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. खोट एकच होती. एक्केचाळिसांपैकी एक पाइप सांडपाण्याचा नव्हताच. तो झरा होता. मुकादमाच्याही आधीच्या कुणीतरी काठाची भिंत बांधताना त्याला मातीच्या भाजक्या नळातून वाट करून दिली होती. भर उन्हाळ्यात मुकादमाची माणसं तिथं बाटल्या भरायची. पाणी गार आणि गोड. नदीचं स्वतःचं म्हणावं असं पाणी तेवढंच. बाकी सगळं लोकांनी सोडलेलं. त्याला झाकण बसलं तर काठावर झाडं लावून, बाकं टाकून जे उरणार होतं ती नदी नव्हती, ओला खड्डा होता.

म्हणून मुकादम आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलायला उभा राहिला.

"सात नंबर बंद करू नका. तो झरा आहे."

"झरा? पाइपातून?" नदीमित्रांच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला.

"पाइप नंतर आला बाई. झरा आधीचा."

सभागृहात हशा पिकला, मग टाळ्या. यालाच म्हणतात लोकांचं ज्ञान, असं कुणीतरी म्हणालं. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. खात्याच्या इंजिनियरनं वहीत 'सात' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मुकादम घरी आला तो जरा फुगूनच.

"टाळ्या वाजवल्या," तो बायकोला म्हणाला.

"अहो, टाळ्या वाजवल्या म्हणजे ऐकलं असं असतं होय?"

"तुला काय कळतंय सभेतलं?"

"तुम्हाला तरी कुठं कळतंय! आज पहिलीच तर होती."

त्यानंतर खात्यानं त्याला चार महिने शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी लाइन टाकायला धाडलं. तो परतला तेव्हा एकोणचाळीस पाइपांचं काम उरकलं होतं आणि उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. इंजिनियर म्हणाला, "मुकादम, शेवटचं झाकण तुमच्या हातून. मान आहे तुमचा. त्या पाइपाचं माप जगावेगळं निघालं, झाकण वेगळं ओतून घ्यावं लागलं. तीन महिने लागले. सांभाळून."

सकाळी झाकण खांद्यावर घेऊन, एक बिगारी बरोबर घेऊन, मुकादम काठानं खाली उतरला. नदीमित्रांनी भिंतीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडे काढले होते. झाकणावर खडूनं लिहिलेला पस्तीस नंबर भिंतीवर दिसला तिथं तो थांबला. समोर भाजक्या मातीचा नळ होता आणि त्यातून त्याचं गार पाणी पडत होतं.

"अरे, हा तर सात!"

"पस्तीस लिहिलंय की," बिगारी म्हणाला.

मुकादम दगडावर बसला. ड्रेनेजवाले मोजतात ते खालून वर. तुंबलेली लाइन खालच्या तोंडाकडून मोकळी करत जायची असते, नाहीतर सुटलेली घाण जाईल कुठं? एकोणतीस वर्षांत त्यानं वरून कधी मोजलंच नव्हतं. आणि नदीमित्रांनी मोजलं होतं वरून, पुलापासून, जिथं त्यांच्या गाड्या लागतात. चिखलात उतरणारा खालून मोजतो आणि गाडीतून उतरणारा वरून, एवढी साधी गोष्ट त्या सभागृहात कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्याच्याही नाही. टाळ्यांच्या नादात तो नंबर सांगून मोकळा झाला होता, आणि खुर्चीवर बसून चहा प्याला होता. स्वतःचाही त्याला तेवढाच तिटकारा आला.

मग त्यानं बोटांवर हिशोब केला. वरून सातवा पाइप कुठला? हिशोब जुळला तसा तो उठला.

तेवढ्यात वरून लाउडस्पीकर घुमला. "आता अध्यक्षबाई या जिवंत झऱ्याचं पहिलं पाणी पिऊन..."

मुकादम झाकणासकट निघाला. नशीब एवढंच की पिण्याआधी भाषण होतं. भाषणाचा कुणाला उपयोग झाल्याचं त्यानं आयुष्यात हे एकदाच पाहिलं.

वरच्या सात नंबरपाशी गालिचा अंथरला होता. पाइपाला फिती बांधल्या होत्या आणि भोवती ब्लीचिंग पावडरीचा सडा. पाण्यावर पांढरा फेस डोलत होता.

"झऱ्यात खनिजं असतात," एक नदीमित्र शेजारणीला समजावत होता. "त्यांचा फेस."

अध्यक्षबाईंनी काचेचा पेला भरून उंच धरला. फोटो निघाले. मुकादम गर्दीच्या कडेला पोचला आणि, खरं सांगायचं तर, आधी झाकण खाली टेकवत बसला. एक घोट जाऊ द्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण मागे त्या नळाला अजून झाकण बसायचं होतं आणि तो हुकूम त्याच्याच नावावर होता.

"बाई, पिऊ नका ते!"

सगळ्या माना वळल्या.

"का? तुम्हीच तर सांगितलं होतं, सात नंबर!"

"माझा सात खालून. हा तुमचा सात, वरून."

"मग हे काय आहे?"

"तुमच्याच इमारतीची न्हाणीघरं. सकाळची आंघोळ आहे ही."

पेला खाली आला. खनिजवाल्यानं शेजारणीकडे पाहायचं टाळलं. इंजिनियरनं मुकादमाचा दंड धरून त्याला खुर्च्यांमागे ओढलं.

"तमाशा करू नका. पस्तीसला झाकण लागणारच. छापील यादी आहे, मंजूर आहे. बदलायची तर सभा बोलवावी लागेल."

"बोलवा की."

"आणि तोवर?"

"तोवर झाकण माझ्याकडे."

"मुकादम! मी दुसरं ओतून घेईन!"

"घ्या. तीन महिने लागतात, तुम्हीच म्हणालात."

तीन महिने पुष्कळ झाले, हे मुकादमाला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी हीच माणसं घुबडं वाचवत होती, त्याच्या आदल्या वर्षी जुनी घड्याळं. तीन महिन्यांत टीशर्टचा रंग बदललेला असेल आणि पस्तीस नंबर कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. त्यानं झाकण पुन्हा खांद्यावर चढवलं आणि तो मधल्या गालिच्यावरून चालत निघाला. चिखलाचे बूट त्यानं मुद्दाम उचलले नाहीत, फरफटत नेले. दोन नदीमित्रांनी आपापल्या खुर्च्या मागे सरकवल्या. अडवलं कुणीच नाही. अडवायला हात लावावा लागला असता.

दारात बायको तांब्या घेऊन उभीच होती.

"हे काय उचलून आणलंत?"

"झाकण."

"कशाचं?"

"कशाचंच नाही आता. पलंगाखाली सरकव. खात्यातून कुणी मागायला आलं, तर मी घरात नाही."

"आणि झाकण?"

"तेही नाही," मुकादम म्हणाला आणि त्यानं पाय पुढे केले.