पालकाची सही

बारामतीतल्या क्लासच्या काउंटरवर बसलेल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मुलगा आहे की मुलगी?"

"कोण?"

"नीटला बसणारं."

"मीच आहे. रिपीटर बॅचला."

ती बिचारी हसू दाबायला ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागली. मी अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई. सासर निरवांगीला, नोकरी इंदापूरच्या एका लॅबमध्ये, लोकांचं रक्त काढायची. मेडिकलच्या प्रवेशाची वयाची अट गेली हे कळल्यावर आदल्या वर्षी घरच्या घरी अभ्यास करून परीक्षा दिली होती आणि फिजिक्सने मला चारी मुंड्या चीत केलं होतं. म्हणून या खेपेला बिनपगारी रजा आणि रीतसर क्लास. फॉर्म भरून झाला, तर खाली एक ओळ रिकामी राहिली. पालकाची सही.

"मिस्टरांची चालेल?"

"आई किंवा वडील," ती म्हणाली. "त्याशिवाय कॉम्प्युटर पुढंच जात नाही हो ताई."

आता हसू दाबायची पाळी माझी होती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. राहिले आबा, म्हणजे माझे वडील. आणि ही सही त्यांच्याकडे माझी वीस वर्षांची बाकी होती.

बारावीनंतर माझी मेडिकलची सीट तीन मार्कांनी हुकली. त्या उन्हाळ्यात असाच एक रिपीटचा फॉर्म आणून मी आबांपुढे ठेवला होता. आबा माळेगावला साखर कारखान्याच्या काट्यावर होते. उसाची गाडी आली की वजन करायचं आणि पावती फाडायची. त्यांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "एकदा काटा झाला की झाला. फेरवजन न्हाय." मी लॅबचा डिप्लोमा केला, लग्न झालं, आणि त्या वाक्याचा राग मी सणासुदीला माहेरी जाताना पुरणपोळीच्या डब्याबरोबर नेत आणत राहिले.

त्या दिवशी मी फॉर्म घेऊन सरळ माळेगावला गेले. खरं सांगते, सहीपेक्षा मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

आबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग विचारलं, "ह्यात मला काय करावं लागंल?"

"सही. आणि पालक सभेला यावं लागेल," मी मुद्दाम तिखटमीठ लावून सांगितलं. "दर महिन्याला."

त्यांनी सही केली. येतील असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पहिल्या सभेला आबा कडक इस्त्रीचा पायजमा, नवी टोपी घालून पहिल्या रांगेत. माझा नंबर आला. फिजिक्सचे सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता सगळ्यांना एकच औषध देत होते. "मुलगी हुशार आहे. पण मोबाईल काढून घ्या तिचा." मग त्यांनी वर पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

आबांनी गिळलं नाही. सगळ्या हॉलसमोर हात पुढे केला. "आण हिकडं."

"आबा, मला घरी फोन..."

"सर काय म्हनले, ऐकलं न्हाईस?"

मागच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या. याच पोरी एरवी 'काकू, आईच्या आवाजात सरांना फोन करा ना, उद्या सुट्टी हवीय' म्हणून माझ्या मागे लागायच्या, आणि एकदा मी तो केलाही होता. तेवढी एक शिक्षा मला होणारच होती म्हणा.

सोमवार ते शुक्रवार मी माहेरी राहायचे, शनिवारी निरवांगीला. मोबाईल पाची दिवस आबांच्या बंडीच्या खिशात. मुलांशी मी संध्याकाळी बोलायचे, तेही आबा समोर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असताना. मधेच नवऱ्याचा फोन आला की आबा उचलायचे. "व्हय जावईबापू. ती अभ्यासाला बसलीया. काय? तूरडाळ कुठं ठिवलीया? हुडका की." नवरा हुडकायला शिकला. वरण करायलाही शिकला, पण त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

चुकीच्या उत्तराला मार्क कापतात हे आबांना समजावताना मला वाटलं, तास जाईल. त्यांना एका क्षणात कळलं. "म्हंजी उसातलं पाचट वजा करत्यात, तसं." तेव्हापासून दर चाचणीनंतर एकच प्रश्न: "ऊस किती आन पाचट किती?" फिजिक्समध्ये सुरुवातीला पाचटच पाचट होतं. आबा नुसतं कागदाकडे बघायचे, आणि मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी उठायचे.

परीक्षेच्या दिवशी गेटवरचा माणूस मला म्हणाला, "पालकांनी झाडाखाली थांबा." आबांनी त्याला बाजूला घेतलं. "पालक मी हाय. परीक्षा हिची हाय." मग धातूचं काही आत चालत नाही म्हणून त्यांनी टोपी उलटी धरली, आणि मी त्यात बांगड्या, कानातलं आणि रस्त्यात बसून ओढून काढलेली जोडवी टाकली. साडेतीन तासांनी बाहेर आले तर आबा तसेच, टोपी मांडीवर, बोडक्या डोक्याने झाडाखाली बसलेले. आजूबाजूचे निम्मे पालक माझ्याहून लहान होते.

निकाल बघायला मोबाईल पाच मिनिटांसाठी मिळाला. मार्क मागच्या खेपेपेक्षा पुष्कळ वाढले होते. पण प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत आबांनी ना मला सोडलं ना मोबाईलला, आणि शेवटच्या यादीतही माझं नाव नव्हतं. सहा मार्क कमी पडले. मला फार वाईट वाटलं. तीन मार्कांनी हुकलं तेव्हा वाटलं होतं, तितकंच. वयाने त्यात काही फरक पडत नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, तोंड धुतलं आणि ठरवून टाकलं की पुरे झालं. लॅबला सोमवारपासून येते म्हणून कळवायचं आणि मुलांजवळ आपल्या घरी राहायचं.

बाहेर आले. आबा ओट्यावर बसले होते. मी हात पुढे केला.

"आबा, मोबाईल द्या. झालं आता."

ते उठले नाहीत. "किती कमी पडलं?"

"सहा."

"आन त्या साली?"

वीस वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नव्हता. "तीन," मी म्हटलं.

"काट्यावर कुनाला वजनाची शंका आली तर फेरवजन मागायचा हक्क असतुया त्याला," आबा अंगणाकडे बघत म्हणाले. "म्या परक्या मानसाच्या गाडीला कदी न्हाय म्हनलं न्हाई. तुला तेवढं म्हनलं."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात त्यांच्या खिशात माझा फोन वाजला. नवरा असणार, यादीचं विचारायला. मी पुन्हा हात पुढे केला. आबांनी तो हाताने बाजूला सारला आणि फोन कानाला लावला.

"व्हय जावईबापू. न्हाय, न्हाय मिळाली ह्या खेपंला. काय? तिला देऊ?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता न्हाय जमायचं. ती अभ्यासाला बसलीया."

मी तर अजून दारातच उभी होते.