पुठ्ठ्यांतला मोर

एक डोळा मिटायचा, भोकं पाडलेला पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरायचा आणि म्हणायचं, "सरळ हाय की!" आमच्या कारखान्यातले एक गृहस्थ पुठ्ठे असे वाचत. रेडिओवर बातम्या देणाऱ्यालाही स्वतःच्या वाचनाचा इतका भरवसा नसेल.

आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट. सोलापुरी चादर तुम्ही पांघरली असेल. ती विणतात कशी, हे पांघरणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. मी कारखान्यातला नक्षी-मास्तर, चौकटीच्या कागदावर नक्षी भरायचो. तिची एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. भरलेल्या चौकोनाच्या जागी भोक. असे पुठ्ठे ओवून, टोकं जोडून माळ करायची आणि मागावर चढवायची. माळ फिरेल तशी नक्षी उतरते. आमचे गृहस्थ उलटा उद्योग करत. कागद हरवला की नुसत्या पुठ्ठ्यांवरून नक्षी सांगत.

एकदा एका बेवारशी माळेत गुलाब असल्याचं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मालकांनी ती मागावर चढवली. हत्ती निघाले.

"गुलाब कुठंय?" मालक ओरडले.

"हत्तीच हाय, पण गुलाबावानी देखणा हाय की!"

चूक कबूल करण्याची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

पुढं मालकांनी जुन्या माळा रद्दीवाल्याला विकल्या. गाडी संध्याकाळी यायची होती. गृहस्थांनी त्यातली एक लहानशी माळ उचलली. "ही थोरल्या भावाची हाय, मास्तर. मोर काढला हुता त्यानं. कागद न्हाय ऱ्हायला, चादर न्हाय, आन् त्यो बी न्हाय."

माळ ठेवून घेतो म्हणाले, तर मालक म्हणाले, सौदा झालाय. मालकांचं काळीज चादरीइतकं मऊ नव्हतं.

"मी वाचतो, तुमी भरा," गृहस्थ मला म्हणाले.

"पहिला पुठ्ठा कोणता? पुठ्ठ्यांवरचे आकडे पुसलेत."

"मला इचारता व्हय?" त्यांनी एकावर बोट ठेवलं.

दिवसभर ते "कोरं, कोरं, भोक" म्हणत राहिले आणि मी चौकोन भरत राहिलो. शेवटी कागद उचलून बघतो तर वर पोट आणि पाय, त्यांच्याखाली तुरा आणि मान. माळ मधूनच सुरू झाली होती. बाहेर रद्दीची गाडी भरत होती.

"चुकलं, मास्तर," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. टोमणे तयार होते, पण फार वाईट वाटलं.

"कापून जोडू या," मी कात्री घेतली.

"न्हाय! कापू नका त्याला." त्यांनी कागदाची नळी केली, खालची कड वरच्या कडेला टेकवली. मान पोटाला जुळली. त्यांच्या हातात अख्खा मोर उभा राहिला. त्यांनी तो हळूहळू फिरवून पाहिला आणि तिथंच रडले.

कडा चिकटवाव्यात, तर डिंक नेमका त्याच दिवशी संपला होता. आता ते गृहस्थ नाहीत. मला दिसतात ते त्या संध्याकाळचे: सायकल कारखान्यातच सोडून, कागदाची कड दोन्ही हातांनी धरून, साखर पेठेच्या गर्दीतून चालत निघालेले. जन्मात कुणाला वाट न दिलेला माणूस समोरून येणाऱ्या प्रत्येकासाठी बाजूला होत होता.