पिस्ता रंगाचा ओरखडा

उस्ता शहाता, म्हणजे आमचा गाड्या रंगवणारा उस्ताद, कुणावर विश्वास ठेवत नाही. भाकरीवाल्याची भाकरी तो उलटूनपालटून बघतो, आणि माझ्या सुट्या भागांच्या दुकानातलं गाडीच्या दाराचं रबर दोनदा ताणल्याशिवाय पैसे काढत नाही. अलेक्झांड्रियाच्या हदरा भागात आम्ही शेजारी-शेजारी म्हातारे झालो, तरी माझ्याकडे तो अजून चोराकडे बघावं तसंच बघतो. मला राग येतो. पण जुन्या गाडीला कारखान्यातून निघतानाचा रंग जसाच्या तसा द्यावा तर त्यानेच. डब्यावरच्या रंगाच्या नंबरावरही त्याचा भरवसा नाही; तो दाराचं रबर उचकटतो आणि जिथे ऊन पोचलेलं नाही तिथला रंग बघतो.

या संशयाला कारण आहे. त्याचा धाकटा भाऊ बरकात डोक्यावर भाकऱ्यांची फळी घेऊन सायकलवरून जायचा. एका गाडीने त्याला मागून उडवलं आणि ती पळाली. बरकात गेला. सायकलच्या मडगार्डवर पिस्ता रंगाचा बोटभर ओरखडा राहिला. रंगाला ऊन लागू नये म्हणून शहाताने ती सायकल घोंगडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली. पिस्ता रंगाची गाडी दारात आली की आधी ती घोंगडी सुटते.

गेल्या उन्हाळ्यात मादाम वगीदा नावाच्या विधवा बाई एक पांढरी फियाट घेऊन आल्या.

"हिचा मूळ रंग पिस्ता. तोच हवा, उस्ता. जरासुद्धा इकडेतिकडे चालणार नाही."

"मग पांढरा का मारला?"

"आमच्या यांनी मारून घेतला."

"कधी?"

त्यांनी वर्ष सांगितलं. बरकात गेला तेच वर्ष. शहाताचा चेहरा बघून मी चहाचा पेला खाली ठेवला.

बाईंची पाठ वळताच तो म्हणाला, "सापडला! ठोकली, पत्रा सारखा केला, वर पांढरा फासला. आता बघच तू."

रस्त्याच्या उजव्या कडेने जाणाऱ्या सायकलला जो लागला असता, तो पुढचा उजवा पत्रा तो घासायला बसला. पांढरा गेला, खालून पिस्ता निघाला. सायकल शेजारी आणून लावली. रंग तोच, फक्त मळलेला. मग त्याने फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. पुट्टी भरलेली असली की ते तिथे सुटतं. ते कुठेच सुटलं नाही. त्याने पुन्हा फिरवलं, आतून हात घालून चाचपलं. पोचा नाही, कारखान्यातले जोड जागच्या जागी, खालचा थर अखंड.

शहाताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, गुन्हेगार मिळाला नाही म्हणून रडतोस काय?" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मलाही भरून आलं होतं.

तेवढ्यात बाई परत आल्या. "हे काय चालवलंय? माझ्या गाडीत काय शोधताय?"

तो सायकलची घोंगडी उचलू लागला. शेवटी बरकातचं सगळं मीच सांगितलं. बाई स्टुलावर टेकल्या.

"त्या वर्षी पोलिसांनी यांना किती वेळा गाडीतून खाली खेचलं! कुणीतरी नंबर दिला होता. शेजारीपाजारी सलामाला उत्तर देईनात. वैतागून यांनी पांढरा मारला, तर लोकांची खात्रीच पटली. मरेपर्यंत म्हणायचे, वगीदा, रंग बदलला तिथेच मी चुकलो."

त्या वर्षी दिसेल त्या पिस्ता गाडीचा नंबर चौकीत कोण नेऊन द्यायचा, हे सगळ्या हदऱ्याला ठाऊक होतं. बाई हदऱ्याबाहेरच्या, म्हणून त्यांना नव्हतं.

"नंबर मी दिला होता, मादाम," शहाता म्हणाला.

बाई स्टुलावरून उठल्या. मला वाटलं, आता चप्पल काढतात.

"मग रंगही तुम्हीच द्यायचा," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या गल्लीत गाडी तुम्ही स्वतः चालवत आणायची. सगळ्यांच्या देखत."

गाडीवरचा जुना रंग पांढऱ्याने मळलेला, रबराखालचा गोंदाने पिवळा पडलेला. स्वच्छ नमुना एकच उरला होता. सायकल जवळ ओढून शहाता रंग कालवत बसला. थेंब टाकायचा, नमुन्याची पट्टी रंगवून सुकवायची, मडगार्डला लावून बघायची, मान हलवायची, पुन्हा थेंब.

गाडी पोचवून तो पायी परत आला. कोण काय बोललं ते त्याने सांगितलं नाही. सायकल मात्र घोंगडीत गेली नाही. त्याने ती दुकानाबाहेर, भर उन्हात भिंतीला टेकवली.

"रंग उडेल रे," मी म्हटलं.

"उडू दे."